काळ्या केसांची लाज कोणी शिकवली?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरला धाकट्या बंधूंकडे जाण्याचा योग आला. सोलापूरचा एप्रिल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दुपारी दोनच्या गच्चीचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. वाळत घातलेल्या कुरडया खाली आणाव्यात म्हणून वर गेलो, तो पुतणी तेथे पाठमोरी बसलेली. चेहरा ओढणीने डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला, हातांत कोपरापर्यंत मोजे आणि केस मात्र पाठीवर मोकळे सोडून थेट उन्हाकडे केलेले. केस ओले होते. शेजारच्या वाटीत पिळून टाकलेल्या सहा-सात लिंबांच्या साली.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"काका, केस थोडे लाइट करतेय. आणि पार्लरमध्ये वगैरे नाही हं, घरच्या घरी. एकदम नॅचरल!"

तिच्या स्वरात अपराधीपणाचा लवलेश नव्हता. उलट काकांच्या विचारांना साजेसेच काहीतरी आपण करीत आहोत, असा थोडासा अभिमानच होता. परदेशी कंपनीची नळी नाही, रसायन नाही. घरातले लिंबू आणि आकाशातले ऊन. म्हणजे स्वदेशीच की! क्षणभर मलाही उत्तर सुचले नाही. कुरडया घेऊन मी खाली आलो आणि मग दोन दिवस हा विषय डोक्यातून जाईना.

त्या मुलीला दोष देण्यासाठी हा लेख नाही, हे आधीच स्पष्ट करतो. दोष द्यायचा तर तो 'घरगुती' आणि 'नैसर्गिक' या दोन शब्दांपुढे डोळे मिटून दार उघडणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय मनाला द्यावा लागेल. पार्लरच्या पायरीवर जी आई मुलीला अडवते, तीच आई लिंबे पिळून देते. वस्तू स्वयंपाकघरातील आहे एवढ्यावर ती निश्चिंत होते. वस्तू कोठली हे आपण विचारतो, इच्छा कोठली हे विचारायचे राहून जाते.

प्रथम त्या 'नैसर्गिक' शब्दाकडे पाहू. केसाचा काळेपणा हा वरून चढविलेला रंग नव्हे. केसाच्या गाभ्यात मेलॅनिन नावाच्या द्रव्याचे सूक्ष्म कण असतात. उन्हातील अतिनील किरण स्वतः शोषून घेऊन केसांतील प्रथिनांचे रक्षण करणे हे त्यांचे काम. रंग उजळायचा म्हणजे या कणांचा नाश करायचा, त्याला दुसरा मार्ग नाही. पार्लरमध्ये ते काम हायड्रोजन पेरॉक्साइड करते. आता घरगुती कृतींतील लाडका पदार्थ पाहा : मध. मधात ग्लुकोज ऑक्सिडेझ नावाचे विकर असते. मध पाण्याने पातळ केला की ते विकर हळूहळू एक द्रव्य तयार करू लागते. कोणते द्रव्य? हायड्रोजन पेरॉक्साइड! ज्या रसायनाला भिऊन आपण पार्लर टाळले, त्याचीच अत्यल्प मात्रा वाटीत कालवून आपण तिला निसर्ग म्हणतो. दालचिनीची पूड मधात मिसळून डोक्यावर थापण्याची कृतीही बरीच लोकप्रिय आहे. दालचिनीतील तिखट द्रव्याने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठते, आग होते, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. कॅमोमाइलच्या फुलांचा काढा युरोपातील भुऱ्या केसांवर पिवळसर झाक आणतो. आपल्या काळ्याभोर केसांवर त्याचा परिणाम दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. कोणी खाण्याचा सोडा सुचवितो, कोणी व्हिनेगर. असो. यादी वाढविण्यात अर्थ नाही.

लिंबाविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. या साऱ्या कृती पाश्चात्त्य देशांतून जशाच्या तशा उचललेल्या. तेथील 'लेमन' म्हणजे जाड सालीचे, पिवळे, मोठे फळ. आपल्या घरातील कागदी लिंबू हे वनस्पतिशास्त्रानुसार निराळे फळ. त्याचा नातेवाईक म्हणजे तिकडचा 'लाइम'. या फळाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन वर्गातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडले, तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि नंतर उमटलेले काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने जात नाहीत. लिंबू सालीसकट हाताने पिळून तो रस केसांतून मानेवर आणि कपाळावर ओघळू द्यायचा आणि सोलापूरच्या उन्हात तासभर बसायचे, हा केस उजळण्याचा नव्हे, मान काळी करून घेण्याचा उपाय आहे. भाषांतरित जीवन जगण्याचा हा धोका! मूळ संहितेत फळ एक असते, आपल्या हाती दुसरेच येते.

आणि एक गंमत पाहा. वनस्पतीतील हेच गुणधर्म आपल्या वैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. कोडावर बावचीचा लेप देऊन रुग्णाला उन्हात बसविण्याची चिकित्सा आपल्याकडे प्राचीन आहे. बावचीतील सोरॅलेन हे त्याच फ्युरोकुमारिन कुळातील द्रव्य. म्हणजे ऊन आणि वनस्पती यांचा संयोग आपल्या पूर्वजांनी गेलेला रंग परत आणण्यासाठी योजला. आम्ही तो असलेला रंग घालविण्यासाठी योजतो आहोत. ज्ञान तेच. दिशा उलटी.

यश आले तरी कसले येते? काळ्या केसांत रंगद्रव्य इतके दाट असते की ते सोनेरीपर्यंत पोहोचतच नाही. वाटेत तांबूस, विटकरी अशा छटेवर अडकते. आरशात तो रंग पाहिला की निराशा. मग पार्लर. मग तो तांबडेपणा मारणारे दुसरे रसायन. मग कोरड्या, दुभंगलेल्या केसांना 'पोषण' देणारी बाटली. घरगुती उपाय हा बाजाराला पर्याय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा क्रम नीट पाहावा. तो पर्याय नव्हे, बाजाराचा उंबरठा आहे. लिंबाने अपेक्षा जागी होते आणि ती पुरी करण्यासाठी दुकानात जावेच लागते.

प्रश्न केवळ अपायाचा असता, तर आरोग्याच्या सदरात चार ओळी पुरल्या असत्या. येथे प्रश्न आहे तो इच्छेच्या उगमाचा.

सोनेरी केसांचा हव्यास युरोपातही सरळ निसर्गातून आलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधील श्रीमंत स्त्रिया जर्मन बंदिवानांचे पिवळे केस टोप म्हणून मिरवीत. कवी ओव्हिडने तर रंगविण्याच्या नादात प्रेयसीचे केस गळून पडल्यावर तिची कानउघाडणी करणारे काव्य लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकातील व्हेनिसमध्ये स्त्रिया घरांच्या छतांवर बांधलेल्या लाकडी मचाणांवर भर उन्हात बसत. डोक्यावर वरचा भाग कापून टाकलेली रुंद कडांची टोपी. केस त्या भोकातून वर काढून कडेवर पसरायचे, म्हणजे केसांना ऊन लागेल आणि चेहरा सावलीत गोरा राहील. चेझारे वेचेल्लिओ याच्या १५९० सालच्या वेशभूषाविषयक ग्रंथात त्याचे चित्रच आहे. ते चित्र पाहिले आणि मला आमची गच्ची आठवली. ओढणीत लपविलेला चेहरा, उन्हात सोडलेले केस. चारशे वर्षांपूर्वी व्हेनिसने टाकून दिलेली टोपी आपण सोलापुरात डोक्यावर घेतली आहे! १८१८ मध्ये थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते केस उजळण्यासाठी वापरात आले, तेव्हा या मचाणांची गरज कायमची संपली.

इथवर तो त्यांचा त्यांचा छंद होता. त्याला विषारी फळ आले ते एकोणिसाव्या शतकात, जेव्हा केसांचा रंग हे वंश मोजण्याचे माप ठरले. जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो या विख्यात वैद्यकशास्त्रज्ञाने सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांची, डोळ्यांची आणि त्वचेच्या रंगाची नोंद करविली. १८८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना अस्सल 'जर्मन' म्हणावे अशी सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, गोरी मुले एकतृतीयांशाहूनही कमी निघाली! खरे तर येथेच हा विषय संपायला हवा होता. तो संपला नाही. १९०८ मध्ये ऑयगेन फिशर आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत रेहोबोथच्या मिश्रवंशीय लोकांची मोजमापे करीत होता. केसांच्या छटा ताडून पाहण्यासाठी त्याने तयार केलेली नमुन्यांची पेटी पुढे वंशशास्त्राचे हत्यार बनली. त्या शास्त्राने पुढच्या चाळीस वर्षांत युरोपात काय घडविले, ते सर्वज्ञात आहे.

आणि या सोनेरी केसांच्या मानवाला त्यांनी नाव कोणते दिले? 'आर्य'. आपला शब्द! ज्या शब्दाचा आपल्या वाङ्मयातील अर्थ सुसंस्कृत, सदाचरणी असा, तो शब्द उचलून त्यांनी केसांच्या रंगाला चिकटविला. भाषेवरून वंश ठरविण्याच्या या गोंधळाला जो मॅक्समुल्लर पुष्कळ अंशी कारणीभूत झाला, त्यालाही १८८८ मध्ये सांगावे लागले की आर्य रक्त, आर्य डोळे आणि आर्य केस यांविषयी बोलणारा वंशशास्त्रज्ञ हा, लांबट डोक्याचा शब्दकोश शोधणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाइतकाच मोठा अपराधी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'हू वेअर द शूद्राज?' या १९४६ सालच्या ग्रंथात वेदांतील पुरावे तपासून, आर्य हा वंश होता आणि तो बाहेरून आक्रमण करून आला, ही कल्पना स्पष्टपणे नाकारली. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या कित्येकांना त्यांच्या या प्रतिपादनाची सोयीस्कर विस्मृती झालेली असते, हे जाता जाता नमूद करतो.

आता या पार्श्वभूमीवर आपल्या परंपरेकडे पाहा. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केसांसाठी स्वतंत्र सूक्ते आहेत. जमदग्नींनी आपल्या कन्येसाठी खणून काढलेल्या वनस्पतीला तेथे ऋषी विनवितो. आणि मागणे काय, तर डोक्यावर काळे केस वाढोत. ज्यांना सोनेरी केसांचे आक्रमक म्हणून इतिहासाच्या पुस्तकांतून रंगविले गेले, त्यांच्या वेदांत मागितलेला केस काळा आहे! चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय उघडा. नित्य डोक्याला तेल लावणाऱ्याचे केस गळत नाहीत, अकाली पांढरे होत नाहीत, मुळाशी घट्ट, लांब आणि काळे होतात, असे तेथे सांगितले आहे. आपण ज्याला माका म्हणतो त्याचे संस्कृत नावच केशराज. आमच्या आजीच्या पिढीतील स्वयंपाकघरात आवळकाठी, शिकेकाई, रिठा, नागरमोथा, जास्वंद असा सारा संसार होता. त्या स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू केसांचे आहे ते रूप राखण्यासाठी होती. आजचे 'घरगुती उपाय' त्याच फडताळात हात घालून नेमके उलटे काम करतात, म्हणून त्यांचे घरगुतीपण मला खोटे वाटते.

येथे एक आक्षेप ठरलेला आहे : केस तिचे, डोके तिचे, तुम्ही कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे. सक्तीचे समर्थन मी करणार नाही. जपानमधील ओसाका येथे उपजत पिंगट केसांच्या एका विद्यार्थिनीला शाळेने केस काळे रंगविण्यास वारंवार भाग पाडले. २०१७ मध्ये ती न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने तिला भरपाई देवविली. तो मूर्खपणा आपल्याला नको. आपल्याच कोकणस्थांच्या घरांतून घारे डोळे आणि पिंगट केस पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, काश्मीर-हिमाचलात तर विचारूच नका. त्यात उणे काही नाही, अधिकही काही नाही. काळा केस श्रेष्ठ असे म्हणणे म्हणजे फिशरची पेटी उलटी धरणे होय. माझे म्हणणे एवढेच की, लक्षावधी मुलींची 'स्वतःची मर्जी' एकाच वेळी, एकाच छटेकडे वळते, तेव्हा ती मर्जी कोठे घडविली गेली हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आणि त्या घडणीत आपला हातभार नाही असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' हे वाक्य ज्या घरात मुलीने ऐकले नाही, ते घर मला दाखवा. स्वयंवराच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द घालणारे परदेशी नव्हते, आपणच होतो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातील 'फेअर' गेले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत ती नळी संघविचाराच्या घरांतूनही शिलकीवर पडल्याचे स्मरत नाही. विठ्ठलाला सावळा म्हणून आळवायचे आणि सून गोरी शोधायची! त्वचेच्या काळेपणाची लाज आपण वाटली, केसांच्या काळेपणाची लाज बाजाराने विकली. पहिली नसती तर दुसरी इतकी सहज खपली नसती. (शाखेतील आमच्या काही साठी उलटलेल्या बंधूंच्या मिशांचा काळेपणाही निसर्गदत्त नसतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो लिहिण्याचे धैर्य मी अजून गोळा करतो आहे.)

तिरुमलेला कल्याणकट्ट्यावर दररोज सहस्रावधी भाविक मस्तक मुंडवून केस अर्पण करतात. सौंदर्याचा अहंकार देवाच्या पायी ठेवण्याची ती क्रिया. त्या केसांचा लिलाव होतो, देवस्थानाला कोट्यवधी रुपये मिळतात आणि लांब केस परदेशी जातात. तेथे कारखान्यांत त्यांतील काळा रंग रसायनांनी काढून टाकतात, सोनेरी रंग चढवितात आणि ते पाश्चात्त्य स्त्रियांच्या डोक्यांवर गुंफतात. कारण त्यांच्या मते हे केस जगात उत्तम : बळकट, लांब, तेलपाण्यावर वाढलेले. त्यांना आमचे केस हवेत, आम्हाला त्यांचा रंग हवा. या देवघेवीत नफा कोणाचा झाला, हे वाचकांनीच ठरवावे.

एक जुनी आठवण सांगितल्याविना राहवत नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्र हादरला. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मी वृत्तपत्रात नुकतीच उमेदवारी करीत होतो आणि पुढच्या वर्षी त्या भागात पाठविला गेलो. एका पाड्यावर सोबतच्या डॉक्टरांनी दोन-अडीच वर्षांच्या एका वनवासी मुलाला जवळ घेतले. मी मुलाच्या फुगलेल्या पोटाकडे पाहत होतो, डॉक्टर त्याच्या डोक्याकडे. केस विरळ, कोरडे आणि तांबूस. त्यांनी एक बट बोटांत धरून मला जवळून दाखविली : थोडा भाग काळा, मग तांबूस पट्टा, मग पुन्हा काळसर. "पावसाळ्यात घरात धान्य नव्हते, तेव्हाचा हा पट्टा," ते म्हणाले. शरीराला प्रथिने मिळेनाशी झाली की केसाचा रंगही फिका पडतो. काही काळ अन्न मिळाले तर तेवढा केस पुन्हा काळा उगवतो. वैद्यकात याला ध्वजचिन्ह म्हणतात. त्या पोराच्या डोक्यावर मागच्या वर्षीची उपासमार तारीखवार लिहिलेली होती. आजही मेळघाटात किंवा नंदुरबारच्या सातपुड्यात काम करणाऱ्यांना तांबूस केसांचे मूल दिसले की ते त्याला वजनकाट्यावर ठेवतात.

सोलापूरहून निघण्याच्या आदल्या दिवशी आई ओसरीवर बसली होती. ऐंशी केव्हाच उलटली आहे, दृष्टी अधू झाली आहे. पण दुपारच्या उजेडात माणूस ओळखते. बहात्तरच्या दुष्काळात तिने सोलापूर जिल्ह्यातील खडी फोडणारी माणसे पाहिली आहेत, सुकडी घेण्यासाठी लागलेल्या मुलांच्या रांगा पाहिल्या आहेत. पुतणी तिच्यापाशी येऊन बसली. आठ दिवसांच्या लिंबाने केसांची टोके किंचित तांबडी झाली होती. आणखी कोणाच्या लक्षातही आले नसते. आईने वेणीचे टोक हातात घेतले, डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिले आणि काळजीने विचारले,

"का ग पोरी, पोटाला नीट खात नाहीस का?"

पुतणीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात डोके घातले. आईने आतल्या दिशेने हाक मारून तिच्यासाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागविली, आणि ती संपेपर्यंत तिला उठू दिले नाही.